ब्रॉडगेज ड्राइव्ह, नॅरोगेज गेम

सीडीच्या ड्राइव्हमध्ये डीव्हीडी टाकली की आधी मोटर फिरते, थांबते, परत फिरते. आतून बारीक टकटक ऐकू येते, कारण लेन्स खालीवर होत चकतीवर फोकस धरायला बघत असते. दिवा थोडा वेळ लुकलुकतो आणि शेवटी विंडोज सांगते की ड्राइव्हमध्ये डिस्क टाका. डिस्क तर आतच असते! २००५-०६ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात हा आवाज इतका नेहमीचा झाला होता की बाहेर चहाच्या टपरीवर बसूनही मला कळायचं, कोणीतरी नवीन गेम आणला आहे.

काळच तसा होता. २००३ मध्ये व्हाइस सिटी हा गेम दोन सीड्यांवर आला. एकीवरून इन्स्टॉल करायचा, दुसरी लावून खेळायचा. २००४ चा अनरिअल टूर्नामेंट तर चक्क सहा सीड्यांचा होता. त्याची डीव्हीडीही निघाली, पण ती आमच्याकडे कोण विचारणार? सॅन अँड्रियास २००५ मध्ये आला तो सरळ डीव्हीडीवरच. हिशोब साधा आहे. सीडीत ७०० एमबी, डीव्हीडीत ४.७ जीबी. सहा चकत्या छापण्यापेक्षा एक छापली. पण आमच्या तालुक्यातल्या बहुतेक कॅबिनेटांत अजून ५२ एक्सचे, म्हणजे ५२ पट वेगाचे, सीडी ड्राइव्ह होते. गिऱ्हाईक तो ५२ चा आकडा बघून खूश व्हायचं. आणि नागपुरात खपेनासा झालेला माल तालुक्याला ढकलायचा, ही ठोक विक्रेत्यांची जुनी रीत. नवीन मशीनमध्येही ते सीडीचेच ड्राइव्ह घालून द्यायचे आणि वर 'मल्टिमीडिया पीसी' असं बिल फाडायचे.

मे महिन्यात एका खेड्यावरचे गुरुजी पोराला घेऊन आले. मोटारसायकलवर मागे पोरगा आणि त्याच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं कॅबिनेट. पोरगा दहावीत चांगल्या मार्कांनी पास होणार या भरवशावर गुरुजींनी आधीच सीताबर्डीवरून गाड्यांच्या शर्यतीचा गेम आणला होता. ओरिजिनल, खोक्यासकट. पक्की पावती घडी घालून खिशात.

"भाऊ, नवी कोरी वस्तू आहे. मग चालत काहून नाही?"

मी चकती कडेनं उजेडात धरून दाखवली. डीव्हीडीच्या कडेला नीट पाहिलं तर मधोमध एक रेघ दिसते, कारण ती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनवलेली असते आणि माहिती त्या दोघींच्या मध्ये असते. सीडीत ती पार वर, लेबलाखाली. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा लाल, ६५० चा. सीडीवरच्या दोन ओळींत १.६ मायक्रॉन अंतर, डीव्हीडीवर ०.७४. गुरुजी मान हलवत होते, पण चेहरा कोरा. मग मला शकुंतला आठवली, आमच्या दारव्ह्यावरून जाणारी छोटी रेल्वे. म्हटलं, सर, आपली शकुंतला नॅरोगेज, रुळांत ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेज १६७६. हा गेम शकुंतलेच्या रुळांचा आहे आणि तुमचं इंजिन ब्रॉडगेजचं. ते लगेच हसले. नंतर घरी भागाकार करून पाहिला, दोन्हीकडचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. या उपमेचा मला आजही अभिमान आहे.

दुकानात डीव्हीडी ड्राइव्ह एकच होता, माझ्या स्वतःच्या मशीनचा. तो काढला, मागची जम्परची पिन स्लेव्हवर, म्हणजे दुय्यम ड्राइव्हच्या जागी, केली, चपट्या केबलच्या मधल्या कनेक्टरला लावून त्यांच्या कॅबिनेटबाहेर टेबलावरच ठेवला. लोडशेडिंग सुरू व्हायच्या आत गेम इन्स्टॉल झाला आणि झकास चाललाही. पोराचे डोळे चमकले. मग मी ड्राइव्ह काढून घेतला. गेम परत सुरू केला तर म्हणे, डिस्क टाका.

आता सगळा गेम हार्ड डिस्कवर उतरला होता. चकतीचं कामच उरलं नव्हतं. ती फक्त ओळखपत्र दाखवायला हवी होती.

मी हट्टाला पेटलो. चकतीची इमेज, म्हणजे सगळ्या चकतीची एकच मोठी फाइल, बनवून सॉफ्टवेअरच्या खोट्या ड्राइव्हवर लावू, असं ठरवलं. इमेज कॉपी होईना. मशीन म्हणते जागा नाही, आणि समोर २० जीबी मोकळी! कारण हार्ड डिस्कची मांडणी फॅट ३२ या जुन्या पद्धतीची, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. ती बदलून एनटीएफएस पद्धतीची केली, तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसच्या जिवावर कसंबसं निभावलं. लाइट आल्यावर इमेज लावली. ड्राइव्ह खोटा आहे, हेही गेमनं ओळखलं.

उरला एकच उपाय. क्रॅक. म्हणजे गेमची मुख्य फाइल बदलायची, त्यातली डिस्कची तपासणी उडवलेली असते. गावात हाच गेम व्हिडिओ आणि गाणी छाटून एका सीडीवर बसवलेला, पन्नास रुपयांत मिळत होता, आणि कुठल्याही ५२ एक्सवर चालत होता. गुरुजींना हे सांगावंच लागलं.

"म्हणजे पैसे मोजणाऱ्याचा चालत नाही, आणि चोरीचा चालते?"

"हो, सर."

"आणि तुम्ही माझा चोरीसारखा करून देता?"

मी म्हटलं, पावती तुमच्याकडे आहे, कोण विचारते? खरं तर हे उत्तर नव्हतंच. पैसे देणाऱ्याची झडती आणि फुकट्याला मोकळं रान, हा नियम ज्यांनी केला त्यांच्याशी गुरुजींचं भांडण होतं, आणि समोर होतो मी. ते परीक्षेत चिठ्ठ्या पकडणारे, आडदांड पोरांनाही वर्गाबाहेर काढणारे म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध. म्हणाले, नको. पुढच्या पगारावर ड्राइव्हच घेतो. उधारीवर द्यायला मी तयार होतो, तेही नको. कॅबिनेट पुन्हा चादरीत गेलं. जाताना पोरगा मागे रेंगाळून हळूच म्हणाला, "काका, टाकून द्या ना. बाबांले नाही सांगत." मी त्याला पिटाळलं.

जूनच्या पगारावर ड्राइव्ह आला. बसवला, चार स्क्रू आवळले, चकती टाकली. सुरुवातीचा व्हिडिओ लागला, गाडी धुरातून बाहेर आली, गाणं वाजलं.

पोरगा खुर्चीतून उठलाच. "अरे! याच्यात हे पण आहे!"

"याच्यात म्हंजे?" गुरुजींनी विचारलं. "आणि कायच्यात नव्हतं?"

पोरगा माझ्याकडे पाहायला लागला. मी त्याला काही दिलेलं नव्हतं, पण ते त्या वेळी सांगणं म्हणजे पोराला आणखी खोल ढकलणं होतं. मी बिल लिहायला घेतलं. फिटिंगचे पैसे लावू की नको, यावर जरा जास्तच वेळ घालवला, आणि लावले.