राजधानी आजोळची की सासरची

आमच्या घरात चार वर्षांपासून एक वाद चालू आहे. प्रवरसेन नावाच्या राजाची राजधानी नेमकी कुठे होती? राजा पाचव्या शतकातला, वाद दर रविवारी तर्री-पोह्यांच्या वेळेचा.

एका बाजूला मी. माझं आजोळ पवनार, वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर, धाम नदीच्या काठी. दुसऱ्या बाजूला माझे सासरे. त्यांचं गाव रामटेक तालुक्यात, मनसरपासून सायकलच्या अंतरावर. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे ठाण्याला आले, मानपाड्याला, सातव्या मजल्यावर. आयुष्यभर लाइनमन म्हणून खांबांवर चढले, त्यामुळे उंचीची त्यांना भीती नाही, पण लिफ्टचा विश्वास नाही. शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर असतो. सोसायटीत कुणाच्याही घरी गेले की आधी स्विचबोर्ड बघतात, मग माणसं.

तिसरा पक्ष माझा नवरा. तो तटस्थ असल्याचं भासवतो. त्याच्याकडे मी नंतर येते.

मी वाढले ठाण्यात, नौपाड्यात. पण उन्हाळ्याची सुट्टी पवनारची. रात्री ठाण्याला विदर्भ एक्स्प्रेस पकडायची, सकाळी वर्धा, तिथून रिक्षा. मामांच्या घरापासून नदी हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यात धाम म्हणजे काळ्या खडकांचा पसारा आणि मधून मधून साचलेले डोह. पात्रात गांधीजींची छत्री. 1948च्या फेब्रुवारीत त्यांच्या अस्थी इथेही विसर्जित झाल्या, म्हणून 12 फेब्रुवारीला मेळा भरतो. पलीकडे विनोबांचा आश्रम. पवनारबद्दल गावाबाहेरच्या कुणालाही विचारा, तो विनोबांचंच नाव घेईल, आणि ते बरोबरच आहे. 1938 साली आजारी विनोबा इथे राहायला आले, 1940 मध्ये वैयक्तिक सत्याग्रह इथूनच सुरू झाला, आणि 1982 मध्ये त्यांनी देह ठेवला तोही इथेच.

पण राजधानीची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती आजीकडून. आणि तिच्या गोष्टीत प्रवरसेन नव्हताच. तिच्या राजाचं नाव पवन. पवनराजाकडे परीस होता. तो प्रजेकडून पैशात शेतसारा घ्यायचाच नाही. "पैसा नको, नांगराचा फाळ आणा," म्हणायचा. शेतकऱ्यांनी झिजलेले लोखंडी फाळ आणून टाकायचे, राजा परीस लावायचा, खजिन्यात सोनं. पुढे राज्य बुडालं तेव्हा राजानं परीस धामच्या डोहात फेकून दिला. अजून तिथेच आहे.

मी हिशेबनीस आहे. वागळे इस्टेटमध्ये दुसऱ्यांचे जीएसटी परतावे भरते. करपद्धती म्हणून ही मला आजही अत्यंत सुटसुटीत वाटते.

त्यामुळे आमची दुपार कशात जायची ते सांगायला नको. मामेभाऊ, मी आणि शेजारची दोन पोरं, प्रत्येकाच्या मुठीत खिळे. डोहाच्या काठचा दगड उचलायचा, खिळा घासायचा, उन्हात धरून बघायचा, दगड मागे टाकायचा. कुठला दगड तपासून झाला हे लक्षात ठेवायची काही सोय नव्हती, त्यामुळे आम्ही बहुधा चार उन्हाळे तेच तेच दगड घासले.

प्रवरसेन कळला तो फार नंतर, आणि तोही त्याच्या आईमुळे. प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, विदर्भातल्या वाकाटक राजघराण्यात दिलेली. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर गेला. मुलं लहान. मग बाईंनी मुलाच्या नावानं राज्य चालवलं. तेराव्या वर्षाचा त्यांचा ताम्रपट आहे, म्हणजे निदान तेवढी वर्षं तर नक्कीच. आता या ताम्रपटाची गंमत बघा. राज्य सासरचं, दान सासरच्या जमिनीचं, आणि वंशावळ सुरू होते ती माहेरच्या गुप्तांपासून! गोत्रही त्यांनी वडिलांचंच सांगितलंय, धारण. वाकाटकांचं विष्णुवृद्ध. हे वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या डब्यासमोर एकटीच हसले होते. सोळाशे वर्षांपूर्वी तांब्यावर कोरून ठेवलंय बाईंनी, म्हणजे खोडरबरानंही जाणार नाही.

त्यांचा धाकटा मुलगा दुसरा प्रवरसेन. आधीची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. ती सोडून यानं नवी वसवली आणि तिला स्वतःचं नाव दिलं, प्रवरपूर. कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी त्यानं चम्मकचा ताम्रपट दिला तो या प्रवरपुरातून. त्यात एक हजार ब्राह्मणांना गाव दिलंय, पण अटी घालून: राज्याविरुद्ध कट करायचा नाही, लढाया करायच्या नाहीत, चोरी-व्यभिचार नाही, दुसऱ्या गावांना त्रास नाही. अटी मोडल्या तर जमीन परत घेण्यात राजाला चोरीचं पाप नाही. आमच्या सोसायटीची नियमावली मला याच घराण्यातली वाटते.

आता हे प्रवरपूर कुठलं? इतिहाससंशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी सांगितलं, पवनार. नाव अजून कानाला ओळखू येतं, दानातली कितीतरी गावं वर्ध्याच्या आसपास सापडतात, आणि शिवाय ती शिल्पं. विनोबा आश्रमात कुदळ घेऊन जमीन खणायचे. मूर्ती शोधायला नाही, शेतीसाठी. त्या खणण्यात दगडी शिल्पं निघाली. त्यातलं एक राम-भरत भेटीचं. गंमत म्हणजे 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना विनोबांनी राम आणि भरताच्या भेटीचं चित्र कुणी काढलं तर किती छान होईल, असं म्हटलेलं होतं. चित्र आधीच काढून, घडवून, मातीखाली ठेवलेलं होतं. वाली-सुग्रीवाचं द्वंद्वही आहे. लहानपणी आम्ही त्या शिल्पांसमोरून शेकडो वेळा गेलो असू. आम्हाला तो कुस्तीचा फड वाटायचा.

आणि हाच प्रवरसेन 'सेतुबंध'चा कवी मानला जातो. रामाचा सेतू, आणि भाषा महाराष्ट्री प्राकृत, आपल्या मराठीची पणजी. बाणभट्टानं म्हटलंय की प्रवरसेनाची कीर्ती वानरसेनेसारखी सेतूवरून समुद्रापार गेली. रामावर काव्य करणारा राजा आणि रामकथेची शिल्पं. मला वाटलं, संपला विषय. 1967 मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे देव आणि ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांनी पवनारला उत्खननही केलं.

हे सगळं मी एका रविवारी मोठ्या उत्साहात टेबलावर मांडलं. सासऱ्यांनी पोह्यांवर तर्री घेतली, चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "काऊन व सूनबाई, राजाले काय येड लागलं होतं? रामटेकाहून उठून वर्ध्याले कायले जाईन तो?"

मग त्यांनी त्यांचा पत्ता टाकला. मनसरची हिडिंबा टेकडी. तरुणपणी त्यांनी त्या टेकडीशेजारून लाइन ओढली होती. तेव्हा ती नुसती टेकडीच होती, झुडपं, विटांचे तुकडे आणि साप. 1998 नंतर पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी तिथे खणलं आणि टेकडीच्या पोटातून विटांचं भलं मोठं शिवमंदिर निघालं. मातीची एक मुद्रा मिळाली, तिच्यावर नाव प्रवरेश्वराचं. मनसरची शिवाची मूर्ती तर दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. प्रवरसेनाच्या ताम्रपटांत तो स्वतःला शंभूच्या कृपेनं पृथ्वीवर कृतयुग आणणारा म्हणवतो. "शंकराचा भक्त व तो. राम कोठून काढला तू?"

"त्याची आई रामगिरीच्या देवाची, रामगिरीस्वामींची भक्त होती."

"मंग रामगिरी म्हंजे कोन्तं? रामटेकच ना बाप्पा!"

हे त्यांना कुणी सांगितलं? मिराशींनी. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, हे मिराशींचंच प्रतिपादन. म्हणजे मिराशी आमच्या घरी रामगिरीपुरते चालतात, प्रवरपुरापुरते चालत नाहीत. हे मी बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "मानूस अर्धा बरोबर राहू शकते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

खरं सांगायचं तर त्या मुद्रेनं माझी बाजू पातळ केली. डच अभ्यासक हान्स बाकर यांनीही मनसरच्या बाजूनं लिहिलंय. मी हिशेबाची बाई, व्हाउचर असेल तर मान्य करते. पण माझा एक मुद्दा उरतोच: पवनारला नदी आहे. मनसरला तलाव. राजधानी वसवणारा माणूस नदी सोडून तलावाशी जाईल का? सासरे म्हणतात, धामले नदी म्हणते का कोणी, गुडघाभर पानी. मी म्हणते, अहो बाबा, पावसाळ्यात येऊन बघा. अकबराच्या काळात पवनार हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं, आईन-ए-अकबरीत नाव आहे, हेही मी मध्येच फेकते. त्याचा प्रवरसेनाशी काही संबंध नाही हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

आता नवऱ्याचं. गेल्या पावसाळ्यात वाद रंगात आलेला असताना तो मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, "तुम्ही दोघं राजधानीत बसून खेड्यांवरून भांडताय, कळतंय का?"

बरोबर होतं त्याचं. ठाणं म्हणजे शिलाहार राजांचं श्रीस्थानक. अकराव्या शतकातल्या अल्बेरुनी या विद्वानानं कोकणची राजधानी म्हणून ठाण्याचं नाव घेतलंय. 1787 साली ठाण्याच्या किल्ल्यात बांधकामासाठी पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा 1017 सालचा ताम्रपट मिळाला. तो किल्ला म्हणजे आजचा ठाण्याचा तुरुंग. माझं लहानपण त्याच्या भिंतीवरून शाळेत जाण्यात गेलं आणि त्या भिंतीआत काय सापडलं हे मला तिशीनंतर कळलं. आजोळची राजधानी मी खिळे घेऊन शोधत होते आणि घरची रोज ओलांडत होते.

सासरे मात्र ढिम्म. "हे का राजधानी आहे? गाडी लावाले जागा नाही."

या दिवाळीत आम्ही गेलो. आधी मनसर, त्यांच्या हट्टानं. टेकडीवर चढताना मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी झटकला. वर पोचून विटांच्या त्या थरांवर उभे राहिले आणि खाली हायवेकडे बोट दाखवून मला सांगू लागले, प्रवरसेनाबद्दल नाही, तर कुठल्या खांबावर 1979 च्या वादळात ते अडकले होते त्याबद्दल. टेकडी फार सुंदर आहे. हे मी तिथे त्यांना म्हटलं नाही, इथे लिहिते.

मग पवनार. मामा आता थकलेत, पण व्याह्यांसाठी त्यांनी पुरणाची पोळी, वडाभात, सगळा थाट केला होता. सासऱ्यांनी घराचं मीटर बघितलं, अर्थिंग चांगलं आहे म्हणाले. ही त्यांच्याकडून मोठी पावती. आश्रमात शिल्पांसमोर बराच वेळ उभे राहिले. राम-भरताकडे बघून म्हणाले, "हे चांगलं केलं आहे." कुणी केलं, कधी केलं, यात ते शिरले नाहीत, मीही शिरले नाही.

जेवणानंतर मामांनी ओट्यावर बसून पवनराजाची गोष्ट सांगितली. फाळ, परीस, डोह. सासरे ऐकत होते. "शेतसाऱ्यात लोखंड?" एवढंच विचारलं. मामा म्हणाले, "हो ना जी."

चारच्या सुमारास मी त्यांना शोधत नदीवर गेले. पाऊस उशिरापर्यंत झाल्यामुळे धामला चांगलं पाणी होतं, खडकांमधून आवाज करत वाहत होतं. मला वाटलं आता दाखवते यांना नदी म्हणजे काय. ते छत्रीच्या अलीकडच्या डोहाशी उकिडवे बसले होते, माझ्याकडे पाठ करून. चपला बाजूला काढून ठेवलेल्या. मी हाक मारणार होते, पण थांबले.

डाव्या हातात दगड, उजव्या हातात टेस्टर. घासत होते, उन्हात धरून बघत होते, दगड मागे टाकत होते. मागे टाकलेल्या दगडांची त्यांनी एक नीट रांग लावली होती, म्हणजे तेच तेच पुन्हा होऊ नयेत.