जंगलजेटीने जाताना घड्याळाआधी तिथी बघा

मुरूडहून समुद्राच्या कडेने रत्नागिरी गाठायची तर चार ठिकाणी गाडी जंगलजेटीत, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीत, घालावी लागते. आगरदांडा-दिघी ही राजपुरी खाडीवर, बागमांडला-वेश्वी सावित्रीवर, दाभोळ-धोपावे वाशिष्ठीवर, तवसाळ-जयगड शास्त्रीवर.

बहुतेक जण फेरीच्या वेळा विचारतात, पाणी कुठे असेल ते विचारत नाहीत. खरी अडचण पाण्याचीच असते. बोट पुढची फळी धक्क्याच्या उतारावर टेकवते. भरतीला ती उताराच्या वरच्या, कोरड्या भागात लागते. ओहोटीला बोट खाली सरकते, तिथला उतार सदैव ओला, शेवाळलेला. दुचाकी तिथेच घसरतात, आणि फळी व उतार यांच्या कोनात बुटक्या गाडीचा बंपर किंवा पोट घासतं.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब कोकणात घरोघरी माहीत आहे: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारीही. त्यात सव्वासहा तास मिळवले की दहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अंदाज म्हणून हे पुरतं.

आता पौर्णिमा-अमावास्या घ्या, म्हणजे पंधरावी तिथी. भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, आणि उधाण असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा बरंच खाली. नेमकी हीच परतीच्या गर्दीची वेळ! असा शनिवार-रविवार असेल तर दुपारी दोनच्या आत खाडी ओलांडावी. अष्टमीच्या भांगाला पाणी थोडंच चढतं-उतरतं, तेव्हा फारशी काळजी नको.

बुटक्या गाडीतली माणसं चढण्याआधी उतरवावीत. वजन कमी झालं की गाडीचं पोट थोडं वर उचललं जातं. पहिला गिअर, संथ वेग, फळीवर ब्रेक दाबायचा नाही. आत गेल्यावर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्येच ठेवावी.

शेवटची फेरी कधी, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावं. तवसाळची चुकली तर राई-भातगावचा पूल आहे. बागमांडल्याला आंबेत-म्हाप्रळ पुलाचा पर्याय, पण तो वाहतुकीला खुला आहे ना, हे आधी विचारावं. दाभोळची चुकली तर मात्र दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभर किलोमीटरच्या वरचा वळसा पडतो, म्हणून चारही ठिकाणच्या वेळा तिच्यावरून ठरवाव्यात.