युसूफझाईंचं झाड की सातबारा

मलालाचं आडनाव आपण हजारदा वाचलंय, युसूफझाई, पण ह्यात कुठलातरी युसूफ आहे आणि तो नक्की कोण हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. आता पडला आणि गेले तीन आठवडे रोज रात्री तेच चाललंय. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून एकमेकांना चिकटवलीत, हॉलमध्ये पसरलीत, त्यावर पेन्सिलीने झाड काढतोय, आणि घरातली मंडळी त्यावरून उड्या मारत किचनमध्ये जातात.

तर आधी सोपं. पश्तोत, म्हणजे पठाणांच्या भाषेत, झोय म्हणजे मुलगा, त्याचंच झाई झालं. युसूफझाई म्हणजे युसूफची पोरं, बस. खेल असं शेपूट असेल तर ती त्याहून धाकटी भावकी, असं साधारण धरून चालायचं (साधारणच, कारण नियम मोडणारी नावं पण ढीगभर आहेत).

झाडाच्या शेंड्याला, किंवा मुळाशी म्हणा, बसलाय कैस अब्दुर रशीद. परंपरा सांगते की हा सातव्या शतकात मदिनेला गेला, पैगंबरांनी त्याला अब्दुर रशीद हे नाव दिलं. त्याला तीन मुलगे, सरबन, बेटन आणि घरघश्त, आणि सगळे पश्तून, म्हणजे पठाण किंवा अफगाण, ह्या तिघांचे. मग आफ्रिदी, खटक, वझीर हे लोक कुठे बसतात? तर त्यांच्यासाठी चौथी फांदी आहे, कर्लाणी, आणि तिची गोष्ट मला जाम आवडली. दोन भाऊ चाललेत, उठून गेलेल्या एका छावणीच्या जागेवर एकाला लोखंडी कढई सापडते आणि दुसऱ्याला टाकून दिलेलं तान्हं पोर. दोघं अदलाबदल करतात. कढई देऊन पोर घेतलं म्हणून पोराचं नाव कर्लाण. म्हणजे इतक्या मोठमोठ्या लढवय्या टोळ्यांचा मूळपुरुष दत्तक, आणि तोही एका कढईच्या बदल्यात!

युसूफझाई मात्र थोरल्या सरबनच्या फांदीवर. सरबनचे दोघे, शरखबून आणि खरशबून. खरशबूनचा कंद, कंदचा खखाय, खखायचा मंद, आणि मंदचे दोघे म्हणजे युसूफ आणि उमर. उमरचा मुलगा मंदन, त्याचे वंशज आजच्या वायव्य पाकिस्तानात, खाली मर्दान-स्वाबीच्या सपाट मुलखात, युसूफचे वर स्वात, बुनेर, दीरकडे. बाहेरचे लोक दोघांनाही युसूफझाईच म्हणतात. आणि शरखबूनच्या बाजूने खाली उतरत गेलं की तरीन लागतो आणि मग अब्दाल, ज्याच्या वंशातला आपला तो अब्दाली. इथे पेन्सिल थांबली माझी. कारण नजीबखान रोहिला हा युसूफझाई. म्हणजे 1761 ला पानिपतावर मराठ्यांसमोर एका बाजूने उभे असलेले ते दोघं ह्या कागदानुसार लांबचे चुलत भाऊबंद, मध्ये पिढ्या कितीही असोत.

पण कागदानुसार. हा कागद कुठून आला तर बराचसा मखजन-इ-अफगाणी नावाच्या फारसी ग्रंथातून, तो नियामतुल्लाने 1613 च्या सुमारास जहांगीरच्या अमदानीत लिहिला, आश्रयदाता खानजहान लोदी, स्वतः अफगाण सरदार. मुघल दरबारात इराणी, तुराणी उमराव आपापल्या खानदानांचा तोरा मिरवतायत तिथे अफगाणांनाही घराणं हवंच की! त्यात कैस हा बायबलमधल्या इस्रायली शौल राजाचा, म्हणजे तालूतचा, सदतीसावा वंशज. मी गणित मांडलं. शौल साधारण ख्रिस्तपूर्व 1000 चा, कैस सातव्या शतकातला, सोळाशे वर्षं भागिले सदतीस म्हणजे एका पिढीला त्रेचाळीस वर्षं. प्रत्येक बापाने चाळिशी उलटल्यावरच वारस काढला असं सलग सदतीस वेळा, बरं, काढला असेल.

इस्रायली मूळ मानणारे अजूनही आहेत, आणि त्यांचा आवडता पुरावा म्हणजे नावं. युसूफ, त्याच्या मुलांच्या शाखा ईसाझाई, इलियासझाई वगैरे. पण ही नावं तर सगळ्या मुसलमान जगात आहेत, त्यावरून वंश कसा ठरणार? भाषा बघा ना, पश्तो ही पूर्व इराणी गटातली, हिब्रूशी तिचं काहीच नातं नाही. दुसरीकडे काही ब्रिटिश साहेबांनी उच्चारावरून पतंग उडवला, पश्तोत युसूफझाईचं इसपझाई होतं, तेव्हा हे अलेक्झांडरशी लढलेले अस्पासिओई. ते लढले ख्रिस्तपूर्व 327 ला आणि त्याच डोंगरांत, हे खरं, पण युसूफझाई स्वातमध्ये आले सोळाव्या शतकात. मधली अठराशे वर्षं कोण भरणार.

ते आले कसे ते मात्र बरंच नीट सांगितलं जातं. आधी काबूलकडे होते, तिथला मिर्झा उलुग बेग (बाबरचा काका, समरकंदचा खगोलवाला वेगळा) ह्यांच्याच मदतीने गादीवर टिकला आणि मग ह्यांचीच अडचण झाली म्हणून मेजवानीला बोलावून टोळीतले मोठे मोठे सगळे कापले. वाचला कोवळा मलिक अहमद. तो उरलेल्यांना घेऊन पेशावरच्या खोऱ्यात उतरला, तिथल्या दिलाजाक टोळीने ह्यांना जागा दिली, आणि काही वर्षांत ह्यांनी दिलाजाकांनाच हाकललं. मग वर स्वात. 1519 ला बाबराने ह्यांच्या सरदाराची मुलगी बीबी मुबारिका बायको म्हणून केली, आणि 1586 ला अकबराची फौज ह्यांच्या डोंगरात अडकली तेव्हा मेला तो बिरबल. हो, गोष्टीतला बिरबलच. लहानपणी खिचडीपर्यंतच सांगितलं होतं, शेवट कोणी सांगितला नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. जमीन जिंकली, वाटायची कशी? हे काम शेख मलीने केलं, सोळाव्या शतकातच, आणि वाटणीचा आधार होता हाच वंशवृक्ष. फांदीप्रमाणे हिस्सा, फांदीतल्या डहाळीप्रमाणे उपहिस्सा. त्या हिश्श्याला शब्द आहे दफ्तर. ज्याचं दफ्तरात नाव तो खरा पश्तून, पंचायतीत म्हणजे जिरग्यात बसणारा, आणि दफ्तर गेलं की तो फकीर, मग आजोबा कोणी का असेना. न्हावी, लोहार, विणकर ह्यांना दफ्तर नाहीच. म्हणजे मी ज्याला झाड म्हणून काढत होतो तो त्यांचा सातबारा होता! तरीच आठ-आठ पिढ्या तोंडपाठ, नाव विसरलं की वावर गेलं.

आणि हिस्सा कायमचा एकाच जागी नव्हे. स्वातमध्ये नदीकाठचा तुकडा भाताचा, सोन्यासारखा, आणि बाजूच्या नाळेतला दगडधोंड्यांचा, मग एकाच भावाने कायम चांगला का खावा? म्हणून वेश. ठरलेल्या वर्षांनी, कुठे पाच, कुठे दहा, चिठ्ठ्या टाकायच्या आणि अख्खी गावंच्या गावं उठून दुसरीकडे. बायकापोरं, गुरं, खाटा, भांडी सगळं घेऊन. आंब्याचं झाड कोण लावेल अशा ठिकाणी, किंवा पक्कं घर कोण बांधेल, हा प्रश्न डोक्यात येतोच. फक्त पीर-मुल्लांना दिलेली जमीन, सेरी म्हणतात तिला, ती हलायची नाही, आणि ती पुष्कळदा मुद्दाम दोन भांडणाऱ्या शाखांच्या मधोमध दिलेली, मध्ये उशी ठेवावी तशी.

भांडण होणारच होतं. पश्तोत चुलतभावाला तरबूर म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ वैरी. तरबूरवली म्हणजे, मला ह्याला शब्द शोधावा लागला नाही, भाऊबंदकी. ज्याचा हिस्सा तुमच्याएवढाच तोच तुमच्या बांधावर.

खुशालखान खटक हा कवी 1675 च्या सुमारास स्वातला गेला होता, त्याने म्हटलंय की स्वातमध्ये दोनच गोष्टी आहेत, दरवेझाचा मखजन आणि शेख मलीचं दफ्तर. (हा मखजन वेगळा, धर्माचं पुस्तक, नियामतुल्लाचा नव्हे, मी दोन दिवस दोन्ही एकच समजून उगाच तारखा जुळवत बसलो होतो.)

वेश मोडली ती 1920 च्या दशकात, स्वातचं संस्थान उभं करणाऱ्या मियाँगुल अब्दुल वदूदने. ज्याच्याकडे तेव्हा जी जमीन होती ती त्याचीच कायमची. म्हणजे चारेकशे वर्षं चिठ्ठ्यांवर फिरत राहिलेली माणसं शेवटच्या चिठ्ठीत जिथे होती तिथेच राहिली, कोणी भातात, कोणी दगडात.