तेरडा, लाल शाई आणि बाई

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी पाठवा, असा निरोप आला. शाळेबद्दल लिहायला बसलो आणि सगळं बाईंबद्दलच लिहून झालं, संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. नाव मुद्दाम लिहीत नाही. नुसतं ‘बाई’ म्हटलं की कोण, हे आमच्या आगेमागे शिकलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

नववीचा पावसाळा. बाईंनी कुंपणाकडेचा तेरडा मुळासकट उपटून आणायला लावला आणि लाल शाईच्या पाण्यात ठेवला. खिडकीतल्या उजेडात त्या काचेसारख्या खोडातून लाल रेघा वर चढताना दिसल्या. बाई सहज बोलून गेल्या, “१८८५ साली जर्मनीत एर्लिक नावाच्या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात असाच रंग सोडला होता. सगळं अंग रंगलं, मेंदू तेवढा कोरा राहिला.” मी विचारलं, “का?” बाई थांबल्या. “मला माहीत नाही. बस खाली. उद्या सांगते.”

ते ‘उद्या’ सोमवारी उजाडलं. मधल्या सुट्टीच्या दिवशी बाई एसटीने जिल्ह्याला जाऊन कॉलेजच्या ग्रंथालयात बसून आल्या होत्या, हे शिपाईमामांकडून कळलं. एर्लिकना वाटलं होतं, मेंदू तो रंग धरतच नसेल. पुढे त्यांचाच शिष्य गोल्डमन याने १९१३ मध्ये ट्रायपॅन ब्लू नावाचा रंग रक्तात न सोडता थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. मेंदू निळा झाला, बाकी अंग कोरं! म्हणजे मेंदू रंग धरत होता, पण रक्तातून तिकडे जाणारं दार बंद होतं. “शिष्याने गुरूची चूक काढली,” असं म्हणून बाई इतक्या खुशीत हसल्या, की जणू त्यांचाच विद्यार्थी जिंकला होता.

आज मी भूलतज्ज्ञ आहे. सिझेरियनच्या बाईला पाठीत सुई देतो तेव्हा सुईच्या टोपणात पाण्यासारखा नितळ थेंब येतो, तेच हे मेंदूपाणी. मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये रक्तवाहिन्यांचे झुपके असतात. ते रक्तातलं हवं तेवढंच निवडून दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी तयार करतात. एका वेळी मात्र ते असतं जेमतेम १५० मिली, म्हणजे रोज तीन-चारदा बदलतं. त्यात साखर रक्तातल्या साखरेच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, प्रथिनं जवळजवळ नाहीतच. तिथे मी दोन-अडीच मिली औषध सोडतो आणि कमरेखालचं अंग बधिर होतं. दार चुकवून मागच्या बाजूने आत शिरायचं, म्हणजे गोल्डमनचाच प्रयोग. आजवर किती हजार वेळा केला, मोजलेलं नाही. दर वेळी तेरडा आठवतो असं म्हटलं तर खोटं होईल, पण नव्या डॉक्टरांना शिकवताना आठवतो.

हे दार दिसलं फार उशिरा. १९६७ मध्ये रीझ आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, की मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट टाचलेल्या असतात. दारू, प्राणवायू, भुलीचे वायू पेशीतूनच आरपार जातात. साखरेला मात्र तिचा हात धरून नेणारा वाहक लागतो.

असाच एक वाहक मला बाईंच्या घरी नीट कळला. (त्यांची परवानगी घेऊन लिहितोय.) गेली काही वर्षं बाईंना कंपवात आहे. फळ्यावरचं ते मोत्यासारखं अक्षर आता वहीत मुंगीएवढं होतं. मागच्या दिवाळीत भेटायला गेलो तर म्हणाल्या, “अरे, मेंदूत डोपामिन कमी पडतंय ना? मग सरळ तेच का देत नाहीत?” इतक्या वर्षांनी ‘का’ त्यांच्याकडून आला. ‘उद्या सांगतो’ म्हणायची वेळ आली नाही, एवढं नशीब. डोपामिन, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणारं मेंदूतलं रसायन, बाहेरून दिलं तर दाराबाहेरच अडतं. म्हणून लेव्होडोपा देतात. त्याला अमिनो आम्लांचा वाहक आत नेतो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. ते बाहेरच होऊन मळमळू नये म्हणून गोळीत कार्बिडोपा घातलेलं असतं, ते स्वतः आत जात नाही. बोलता बोलता कळलं की बाई गोळी पेलाभर दुधाबरोबर घेतात. दुधातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं त्याच वाहकाला लोंबकळतात, गोळी थांब्यावरच राहते! त्यांच्या डॉक्टरांशी बोलून वेळ बदलून घेतली. आठवड्याने बाईंचा फोन आला, “सकाळी रांगोळी काढली रे.”

प्रयोगशाळेच्या जागी आता स्मार्ट क्लासरूम आहे, तेरड्याचा प्रयोग पडद्यावर दाखवतात. मुलांना तो उपटायला पाठवत नाहीत. चिखल होतो म्हणे.

समारंभाला बाई पहिल्या रांगेत असतील. जेवण एकला आहे, त्यांची गोळी साडेबाराला, पाण्याबरोबर. भाषणं लांबली तरी स्वयंसेवकांनी ती वेळ चुकवू नये. आणि मठ्ठ्याचा पेला गोळीच्या आधी हातात देऊ नये, त्या नाही म्हणणार नाहीत.