२८ ईव्हींसाठी एक पावसाळा

पोकेमॉनच्या व्हिडिओ गेममध्ये आम्ही दोनास दोन अशा लढती खेळतो. त्यात टोरकोल (आगीचं कासव) मैदानात उतरला की पुढं काय होणार हे आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना पाठ आहे. तो आला की ऊन पडतं. शेजारचा साथीदार ट्रिक रूम लावतो, म्हणजे पाच टर्न उलटा कारभार: जो हळू तो आधी. आणि टोरकोलपेक्षा हळू जवळपास कुणीच नाही. मग इरप्शन. अंगात पूर्ण जीव असताना १५० ताकदीचा हा हल्ला समोरच्या दोघांनाही एकदम भाजून काढतो. कोल्हापुरात शाहूपुरीतला माझा एक मित्र ह्याच जोडीवर आम्हा सगळ्यांना झोडपत होता. राजारामपुरीत एकाच्या घरी आम्ही जमायचो, सहा पोकेमॉनांची टीम दाखवायची, त्यातले चार निवडायचे, आणि तो टोरकोल निवडणार हे माहीत असूनही हरायचं.

ह्यावरचे नेहमीचे उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत. ट्रिक रूम लावणाऱ्यावर टॉन्ट (हल्ला नसलेल्या चाली बंद पाडणारी चाल) टाका, किंवा आपणच पुन्हा ट्रिक रूम टाकून त्याची मोडा. मित्राला ते माझ्याहून चांगले माहीत होते. म्हणून मी ठरवलं की ज्याचा विचारच कुणी ह्या कामासाठी करत नाही असा पोकेमॉन घ्यायचा आणि त्याचा सेट (चाली, वस्तू आणि गुणांची जुळणी) पहिल्यापासून स्वतः बांधायचा. त्याचा हा अनुभव.

सुरुवातीला एक अट घालून घेतली आणि पुढचं सगळं त्या अटीमुळं ठरलं. हटके सेट म्हटलं की बहुतेक जण लपवाछपवीचा विचार करतात: समोरच्याला कल्पना नाही अशी चाल काढायची आणि तो चकित झाला की जिंकायचं. हे एकदा चालतं. दुसऱ्या गेमला तो सावध असतो. शिवाय २०२३ च्या हंगामापासून अधिकृत स्पर्धांत टीमचा कागद खुला असतो. कोणता पोकेमॉन, कोणत्या चार चाली, कोणती वस्तू, कोणती ॲबिलिटी (अंगभूत शक्ती), कोणता टेरा टाइप (लढतीत एकदा टेरा करून पोकेमॉन जो टाइप घेऊ शकतो तो), सगळं खेळायच्या आधी समोरच्याच्या हातात. लपलेलं राहतं ते फक्त ईव्हींचं (जीव, ॲटॅक, डिफेन्स, वेग वाढवायला मिळणाऱ्या गुणांचं) वाटप आणि नेचर (एक गुणधर्म वाढवून दुसरा घटवणारा स्वभाव). आम्हीही घरी तसाच कागद देतो. तेव्हा माझी अट अशी होती: समोरच्यानं कागद वाचला, सगळं समजून घेतलं, तरीही त्याची अडचण झाली पाहिजे.

हे होऊ शकतं ह्यावर माझा विश्वास पाचिरिसूमुळं बसला. २०१४ ची जागतिक स्पर्धा वॉशिंग्टन डीसीत झाली, ती दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कनं जिंकली आणि त्याच्या टीममध्ये ही इवलीशी विजेची खार होती. बघणाऱ्यांना वाटलं गंमत आहे. गंमत अजिबात नव्हती. त्याच्या टीममध्ये गायराडोस होता, आणि गायराडोसला वीज चौपट लागते. पाचिरिसू फॉलो मी करून समोरचे हल्ले स्वतःवर ओढायची, आणि तिची ॲबिलिटी व्होल्ट ॲब्सॉर्ब, म्हणजे वीज अंगावर आली की तिचा जीव उलट वाढायचा. अंतिम सामन्यापर्यंत ती काय करते हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. तरी तिचं काम थांबलं नाही. असा सेट मला हवा होता.

इरप्शन दोघांवर पसरणारा हल्ला आहे, आणि पसरणारे हल्ले अडवणारी चाल म्हणजे वाइड गार्ड. तिची प्रायॉरिटी, म्हणजे वेगाच्याही आधी बघितला जाणारा अग्रक्रम, +३. ट्रिक रूम फक्त एकाच प्रायॉरिटीतल्या चालींचा क्रम उलटवते, त्यामुळं ट्रिक रूम असो वा नसो, वाइड गार्ड इरप्शनच्या आधीच लागतो. आणि स्वतःला वाचवणारी प्रोटेक्ट ही चाल लागोपाठ वापरली तर फसते, तसा हा फसत नाही. दर टर्नला लावता येतो. वाइड गार्ड येणाऱ्यांत आगीविरुद्ध सगळ्यांच्या डोळ्यांपुढं येतो तो अर्मारूज, कारण फ्लॅश फायर असला की त्याला आग लागतच नाही. पण तो सायकिक आहे आणि मित्राच्या टीममध्ये डार्क टाइपचा, म्हणजे सायकिकला दुप्पट लागणारा, इन्सिनरोर कायमचा ठाण मांडून. म्हणून अर्मारूज बाद.

मग अराक्वानिड. डोक्याभोवती पाण्याचा बुडबुडा घेऊन फिरणारा कोळी. त्याच्या वॉटर बबल ह्या एका ॲबिलिटीत तीन गोष्टी आहेत: अंगावर येणारी आग निम्मी होते, त्याचे पाण्याचे हल्ले दुप्पट होतात, आणि तो कधी भाजत नाही, म्हणजे विल-ओ-विस्प टाकून त्याची ताकद कमी करता येत नाही. लोक त्याला एकाच पद्धतीनं वापरतात. स्वतःची ट्रिक रूम लावायची, ॲटॅक पूर्ण भरायचा, पाण्याचे हल्ले वाढवणारं मिस्टिक वॉटर द्यायचं आणि फोडत सुटायचं. मला त्याला राखणीला बसवायचं होतं.

जुलैत पाऊस लागला. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, शाहूपुरीतल्या मित्राच्या घरचे सामान वरच्या मजल्यावर हलवायच्या गडबडीत पडले, आणि आमचं जमणं बंद झालं. गणितं करायला मला निवांत संध्याकाळी मिळाल्या त्या अशा.

वाटायला मिळतात एकूण ५१० ईव्ही, एका ठिकाणी जास्तीत जास्त २५२. लेव्हल ५० ला पहिल्या ४ ईव्हींना एक पॉइंट मिळतो आणि नंतर दर ८ ला एक, म्हणून कामाचे ५०८. बहुतेक जण २५२, २५२ आणि ४ असे टाकून मोकळे होतात. मी शिवाजी उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. ड्रॉइंगवर जेवढं माप दिलंय तेवढंच जॉबवर ठेवायचं आणि वरचं मटेरियल काढून टाकायचं, ही नजर तिथं तयार झाली, आणि ईव्ही वाटताना तीच उपयोगी पडली. प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न: हा कशासाठी आहे?

जीव आधी. २५२ टाकून १७५ केला, त्यात तडजोड नको होती. मग ॲटॅक. अराक्वानिडनं काय फोडलंच पाहिजे? टोरकोल नाही. उन्हात पाण्याचा हल्ला निम्मा होतो, त्यामुळं टोरकोल पाडायला मी काढलेल्या ॲटॅकवर तीन लिक्विडेशन (अराक्वानिडचा पाण्याचा हल्ला) लागतात. माझा हेतू त्याचे ट्रिक रूमचे टर्न वाया घालवायचा होता, त्याला पाडायचा नव्हता. फोडायचा होता इन्सिनरोर, कारण तो आत येताच इंटिमिडेटनं समोरच्या दोघांचाही ॲटॅक उतरवतो आणि सगळी टीम त्याच्याभोवती फिरते. म्हणून मिस्टिक वॉटर काढून क्लिअर ॲम्युलेट दिलं. ते हातात असलं की समोरचा तुमचा कुठलाही गुणधर्म खाली आणू शकत नाही. आता इंटिमिडेटला किंमत नाही. ॲडमंट नेचर आणि ११६ ईव्ही टाकले की ॲटॅक ११५ होतो, आणि पूर्ण जीव भरलेला पण डिफेन्स न भरलेला इन्सिनरोर एका लिक्विडेशनमध्ये जातो. हल्ल्याचं नुकसान दर वेळी ८५ ते १०० टक्क्यांच्या मध्ये कुठंतरी पडतं. मी हिशेब सगळ्यात कमी पडलेल्या फटक्यावर केला. ११४ ॲटॅकला ही खात्री देता येत नाही. तो एक पॉइंट तिथं हवाच होता.

आता डिफेन्स, आणि माझ्या मते ह्या सगळ्या कामातला सर्वांत सुंदर भाग हाच. मित्राचा दुसरा भरवशाचा गडी रिलाबूम. तो आला की गवताचं टेरेन पसरतं आणि गवताचे हल्ले १.३ पट होतात. त्याच्या वूड हॅमरची ताकद १२०, टेरेनमध्ये १५६. ॲटॅक पूर्ण भरलेला ॲडमंट रिलाबूम. गवत पाण्याला दुप्पट लागतं पण अराक्वानिड कीटकही आहे, म्हणून त्याला सरळ एकपट. डिफेन्समध्ये काहीच न टाकता हिशेब केला तर सगळ्यात मोठा फटका १८० चा. जीव १७५. म्हणजे नशीब वाईट असेल तर गेलो. मग एकेक पॉइंट वाढवत गेलो. ११६ डिफेन्सला सगळ्यात मोठा फटका १७४ वर येऊन थांबला. एक जीव उरतो! आणि ११६ साठी लागतात फक्त २८ ईव्ही. कॅल्क्युलेटरनं तो आकडा दाखवल्यावर मी कागद-पेन घेऊन तेच गणित हातानं केलं, कारण मला ते स्वतःच्या हातानं आलेलं बघायचं होतं. आलं.

उरलेल्यातले १०८ स्पेशल डिफेन्सला (इरप्शनसारख्या हल्ल्यांविरुद्धच्या बचावाला) गेले. त्यामुळं वाइड गार्ड नसतानाही, कोळसा हातात धरून पूर्ण ताकदीनं, उन्हात, टेरा न करता मारलेलं इरप्शन ६३ च्या वर जात नाही. शेवटचे ४ स्पीडला, कारण तिथं एक पॉइंट फुकट मिळत होता. चाली: लिक्विडेशन, वाइड गार्ड, लीच लाइफ, प्रोटेक्ट.

टेरासाठी मला सगळ्यात जास्त वेळ लागला. सगळे त्याला टेरा वॉटर देतात. पण टेरा वॉटर केला की कीटकपण जातं आणि रिलाबूमचा फटका दुप्पट बसतो. मी टेरा स्टील दिला. विजेचा दुप्पट मार एकपट झाला. हवा, दगड आणि गवत निम्मं लागू लागलं. स्टीलला आग दुप्पट लागते, पण वॉटर बबल ती निम्मी करतो, म्हणजे हिशेब बरोबर. आणि स्वतःच्या टाइपच्या हल्ल्याला मिळणारा मूळचा पाण्याचा दीडपट बोनस टेरानंतरही राहतो. ज्या टाइपचा दुबळेपणा ॲबिलिटी झाकते तो टाइप शोधायचा, ही युक्ती मी आता प्रत्येक सेटला लावून बघतो.

पोकेमॉन शोडाउन ब्राउझरमध्ये फुकट चालतं, म्हणून पाऊस असतानाच तिथं चाचण्या सुरू केल्या. समोर बऱ्याचदा माझा मामेभाऊ असायचा. तो अकरावीत आहे, आणि सेटमधली भोकं शोधण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. पहिलं भोक त्यानंच दाखवलं. "दादा, फेक आउटची प्रायॉरिटी पण +३ च हाय की. इन्सिनरोर तुझ्यापेक्षा फास्ट. त्यो आधी मारणार, तू दचकणार, वाइड गार्ड लागायचाच न्हाई." बरोबर होतं. ट्रिक रूम लागल्यावर क्रम उलटतो आणि अराक्वानिड आधी जातो, पण पहिल्या टर्नला ती लागलेली नसते.

अराक्वानिडच्या सेटमध्ये ह्यासाठी जागाच उरली नव्हती. तेव्हा उत्तर साथीदारात शोधलं: मादी इंडीडी. ती आली की सायकिक टेरेन पसरतं, आणि त्या टेरेनमध्ये जमिनीवर उभ्या असलेल्यांना समोरच्याच्या प्रायॉरिटी चाली लागत नाहीत. फेक आउट गेलं. वाइड गार्ड आपल्याच बाजूची चाल असल्यानं तिला काही होत नाही. शिवाय इंडीडीला फॉलो मी येतं. आणि एक जास्तीचा फायदा: सायकिक टेरेन आलं की गवताचं टेरेन पुसलं जातं. पण दोघं एकदमच उतरले तर? ज्याचा वेग कमी त्याचं टेरेन शेवटी लागतं आणि तेच टिकतं. इंडीडी आणि रिलाबूम दोघांचा मूळ वेग ८५. वेग न भरलेला रिलाबूम १०५ ला असतो. मी इंडीडीचा स्पीडचा आयव्ही (जन्मजात गुण) शून्य केला, वेग कमी करणारं नेचर दिलं, ती ८१ ला आली. वेग मुद्दाम मारून टाकण्यात मला जो आनंद झाला तो खेळणाऱ्यालाच कळेल.

पाणी ओसरलं, मित्राचं घर पुन्हा मार्गी लागलं, आणि आम्ही राजारामपुरीत जमलो. त्यानं कागद वाचला. "अराक्वानिड? ट्रिक रूम न्हाई लावायलास? मग हे काय करायलास मर्दा?" मी म्हटलं, खेळून बघ.

पहिल्या गेमला त्यानं टोरकोल काढला. ट्रिक रूम लागली, आणि वाइड गार्ड, वाइड गार्ड, वाइड गार्ड. मधल्या एका टर्नला तो एकट्यावरच्या हल्ल्याकडं वळला, तो इंडीडीनं स्वतःवर घेतला. पाच टर्न संपले तेव्हा त्याच्याकडं जगातला सगळ्यात हळू टोरकोल होता आणि ट्रिक रूम नव्हती. दुसऱ्या गेमला त्यानं टोरकोल घरीच ठेवला. मला हवं होतं ते हेच. कागद वाचून, सगळं समजून, त्याला त्याचा सगळ्यात आवडता गडी बाहेर बसवावा लागला. त्या गेममध्ये रिलाबूम मागून आला, गवताचं टेरेन पसरलं, आणि वूड हॅमर बसला. अराक्वानिड थोडक्या जिवावर उभा राहिला. मामेभाऊ मागून ओरडला, "अठ्ठावीस!" मित्राला ह्याचा अर्थ लागेना. मी त्याला सगळं गणित तिथंच समजावून सांगितलं. तिसरा गेम त्यानं जिंकला, टॉन्ट वापरून, आणि तो योग्यच जिंकला. वाइड गार्ड शेवटी स्टेटस चाल, म्हणजे हल्ला नसलेली चाल आहे.

आता त्यानं रिलाबूमला चॉइस बँड दिलाय, म्हणजे ॲटॅक दीडपट. साध्या अराक्वानिडला तो वूड हॅमर झेपत नाही. टेरा स्टील केल्यावर मात्र सगळ्यात मोठा फटका १३० वर थांबतो, म्हणून टेरा कुणावर खर्च करायचा ह्याचा निर्णय आता मला पहिल्याच टर्नला करावा लागतो. त्याच्या इन्सिनरोरला त्यानं डिफेन्स भरलाय असा मामेभावाचा अंदाज आहे. तसं असेल तर ॲटॅकचे ११६ पुरणार नाहीत, आणि जास्तीचे ईव्ही स्पेशल डिफेन्समधूनच काढावे लागतील. डिफेन्समधले २८ मी हलवणार नाही.