घसा आपोआप बरा झाला होता

"अँटिबायोटिकशिवाय शरीर जंतूंना घालवू शकतं का हो?" माझ्या मुलीला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं हे ज्यांना माहीत आहे, ते सगळे मला हे विचारतात. मी 'नाही' म्हणणार असं त्यांनी धरलेलंच असतं.

उत्तर 'हो' आहे. केसपुळी फुटते, सुकते. त्यातला पू म्हणजे बराचसा जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशीच. पेनिसिलिन नव्हतं तेव्हाही न्यूमोनियाची कितीतरी माणसं आठवड्याभराने दरदरून घाम येऊन, ताप उतरून उठायची. कितीतरी दगावायचीही.

माझ्या मुलीच्या शरीरानेही घालवले. ती दहा वर्षांची होती. घसा दुखत होता, ताप १०२. सर्दी नाही, खोकला नाही. मोबाइलच्या टॉर्चने मी पाहिलं: टॉन्सिल्स लालभडक, त्यांवर पांढरे ठिपके. जबड्याखाली गाठी हाताला लागत होत्या. मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध. पाचव्या दिवशी ती शाळेत गेली. एकही अँटिबायोटिक न देता बरी झाली, असं मी बहिणीला फोनवर अभिमानाने सांगितलं.

अठरा-वीस दिवसांनी गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा धरला. वाढीचं दुखणं असेल, म्हणाले सगळे. मग एका रात्री ती भिंतीला उशी लावून बसलेली दिसली. "आई, आडवं झालं की श्वास पुरत नाही." तिचं काळीज इतकं धडधडत होतं की छातीवरचा फ्रॉक हलताना दिसत होता. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करताना डॉक्टरांनी एकच विचारलं: मागच्या महिन्यात घसा दुखला होता का?

ऱ्हुमॅटिक फीवर. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस (स्ट्रेप) या जंतूचं एक प्रथिन हृदयातल्या प्रथिनांसारखं दिसतं. त्याला मारायला शरीराने जे तयार केलं, ते तिच्या हृदयातल्या मायट्रल झडपेवर उलटलं. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तर बहुतेक वेळा हे टळतं. म्हणजे औषध घशासाठी नव्हतंच.

मी चुकले का? बहुतेक घसादुखी विषाणूंची असते, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. त्याआधी प्रत्येक सर्दीला तिला ते मिळायचं, ते मी बंद केलं, योग्यच केलं. आणि औषध न मिळालेल्या स्ट्रेपच्या मुलांतही हा ताप शंभरांत साधारण तिघांना, किंवा त्याहूनही कमी जणांना येतो. हे सगळं खरं आहे. पण ते पांढरे ठिपके मी पाहिले होते. घशाचा स्वॅब देऊन आले असते, तर एवढंच कळलं असतं की हा विषाणूंचा घसा नाही.

तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून आता दर २१ दिवसांनी इंजेक्शन. ते दाट असतं, कधी सुईत अडकतं. ती माझं मनगट घट्ट धरून आकडे मोजते. तेरा, चौदा.

परवा धाकट्याचा घसा दुखत होता. नाक वाहत होतं, खोकला होता. मी अँटिबायोटिक मागितलं. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. बरोबरच होतं त्यांचं. घरी येऊन मी टॉर्च लावून त्याचा घसा पाहिला. रात्री तो झोपेत असताना पुन्हा त्याच्या छातीवर हात ठेवला.