गाठीची चोळी, तिसरा नमुना: काखेचा तिढा सुटला

आधीचे दोन्ही नमुने काखेत गेले होते. तिसरा टिकला! हात पार डोक्यावर नेला तरी खालची कड जेमतेम अर्धा इंच उचलते. आधी ती दोन इंच वर सरकायची आणि काखेतली शिवण उसवायची.

चूक मापात नव्हती, धाग्याच्या दिशेत होती. बाही आणि अंग जिथे मिळतात तिथे काखेत चौकोनी तुकडा बसतो. दुसऱ्या वेळी तो मुद्दाम उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरपा, बेतला, ताण खाईल म्हणून. पण हा चौकोन बसतो तिरपा: एक टोक बाहीच्या शिवणीकडे, समोरचं कुशीच्या शिवणीकडे. हात उचलला की ओढ या दोन टोकांमध्ये, म्हणजे कर्णावर येते. तुकडा उरेब कापला तर नेमका कर्णावरच सरळ धागा येतो, आणि सरळ धागा तसूभर देत नाही. तुकडा सरळ धाग्यात कापला की कर्ण आपोआप उरेब होतो.

तयार तुकडा साडेतीन इंचांचा, चारही बाजूंना अर्धा इंच शिवणीला, म्हणून कापायचा साडेचार. कर्ण जवळपास ५ इंच मिळतो. पाव इंच शिवण ठेवू नका, खणाचे धागे फार सुटतात. कोपऱ्याच्या अर्धा इंच अलीकडे टीप थांबवायची, तिथे दोन उलटे टाके, मग शिवणीच्या कापडाला कट द्यायचा, टाक्याच्या एक धागा आधीपर्यंतच. टीप त्या जागेच्या पुढे गेली की चुणी पडते आणि फाटायला तिथूनच सुरुवात होते. आतून मलमलीचा लहान तुकडा लावलाय, कारण आपल्या एप्रिल-मेच्या घामात काखेचं कापड आधी विरतं.

बाहीचा काठ मात्र पहिल्याच फटक्यात जमला. खणाची किनार थेट बाहीच्या तोंडाशी घेतली, त्यामुळे तिथे दुमडायचं कामच नाही. हिरव्यावर लाल किनार दंडाला अशी घट्ट बसते की बघत राहावं.

पोलक्याच्या कागदावरून चोळी बेतू नये, हे पुन्हा सांगतो. पोलक्याला टक्स (आकारासाठी शिवलेल्या चुण्या), बटणं किंवा हूक. आपल्याकडच्या म्हाताऱ्या जिला चोई म्हणतात, तिला टक्स नाहीत. समोरचा घाट उरेब कापडातून आणि गाठीच्या ओढीतून येतो.

खणाबद्दल: ओटीसाठी मिळणारे बहुतेक खण पॉलिस्टरचे, गाठ बसत नाही, तासाभरात सैल होते. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण घ्या, महाग पडला तरी. पहिला कच्चा नमुना मांजरपाटावरच करायचा, तोही धुऊन, नाहीतर आटल्यावर मापं चुकतात.

गाठीची टोकं सध्या सहा-सहा इंच आहेत, त्यातले चार गाठीतच जातात. सात करायची होती. पण लिहिता लिहिता वाटतंय, टोकं वाढवण्याऐवजी कापडच बदलावं. भंडाऱ्याकडे, मोहाडी-आंधळगावच्या पट्ट्यात कोसा (टसर रेशीम) विणतात. करवतकाठीचा तुकडा मिळाला तर करवतीचे दाते बाहीवर येतील, आणि कोशाचा खरखरीत धागा गाठही धरेल. म्हणजे चौथा नमुना कोशाचा. नऊवारीच्या कासोट्याचं काम तोवर मागे ठेवलंय.